दुसरी गाडी

सीझनच्या सुरुवातीला बेसलाइन टेस्ट असते. त्या सकाळी आमच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे मोटरसायकल रेसच्या टीमांच्या तळावर, आलात तर तुम्हाला वाटेल, वऱ्हाडाची बस रात्रभर प्रवास करून आत्ताच इथं थांबली आहे. देशातले सगळ्यात चपळ रायडर जांभया देत बसलेले असतात. एक जण खुर्चीतच घोरत असतो, दुसरा पुन्हा नाश्त्याला बसलेला असतो, आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. माझा धाकटा भाऊ अभिराज या बाबतीत कुणाला हार जाणारा नव्हता. मित्रांबरोबर रात्रभर पत्ते कुटून, सकाळी सकाळी आईच्या हातचा तांबडा-पांढरा रस्सा ओरपून तो आला होता. डोळे लाल, चाल जड, आणि चेहऱ्यावर मात्र कॉपी पचलेल्या पोराचं समाधान.

"लाज वाटत न्हाई व्हय रं?" मी विचारलं.

"कशाची? सगळेच करत्यात."

"सगळ्यांच्या डोक्यांशी मला काय करायचंय? तुला एकच डोकं हाय."

"आणि ते माझं हाय," असं म्हणून त्यानं भली मोठी जांभई दिली आणि तो तंबूत गेला.

हा सगळा तमाशा कशासाठी, ते आधी सांगते. त्यासाठी टायरपासून सुरुवात करावी लागेल.

चार-पाच वर्षांपूर्वी रेसिंगमध्ये एक नवं रबर आलं. त्याच्या रेणूंचे धागे तापले की एकमेकांपासून सुटतात आणि जरा निवले की पुन्हा जुळतात. त्यामुळे टायरला पडलेली चीर धावता धावताच भरून येते. पूर्वी टायर झिजत आला की गाडी वळणावर सरकायला लागायची आणि रायडर शहाणा असेल तर हात आवरता घ्यायचा. नव्या टायरला ही कुरकुर माहीतच नाही. तो अगदी शेवटपर्यंत कोरा असल्यासारखा पकड धरतो. मग धाग्यांची जुळायची ताकद संपते आणि सालपट निघावं तसा सगळा एकदम सोलून येतो. हे ध्यानात येईपर्यंत दोघे जण गेले होते. मग नियम आला: रेसच्या मध्यावर प्रत्येकानं पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, यायचं, पहिली गाडी सोडायची आणि नव्या टायरची दुसरी गाडी घेऊन जायचं. सक्तीनं. पुढे असाल तरी आणि मागे असाल तरी.

रायडर थांबतोच आहे, तर त्यालाही तपासून घ्या, असं मग वैद्यकीय समितीला वाटलं. ते चुकीचं नव्हतं. त्यातून 'दक्ष' नावाचं यंत्र आलं. हेल्मेटच्या काचेत एक बारीक कॅमेरा असतो, तो बुबुळं वाचतो. माणसाची नजर सरळ रेषेत फिरत नाही, ती एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारते. निरोगी मेंदूची उडी नेमकी पडते. डोक्याला मार बसला असेल तर उडी थोडी पुढे जाते आणि मग मागे येते. डोळ्यांनी काही पाहिलं की ब्रेकवरचं बोट किती वेळानं हलतं, तेही हातमोज्यांतून मोजलं जातं. पण प्रत्येकाचे डोळे वेगळे आणि बोटंही वेगळी. म्हणून दक्ष तुमची तुलना तुमच्याशीच करतं. सीझनच्या सुरुवातीला धडधाकट असताना तुम्ही कसे होता, आणि आत्ता कसे आहात. फरक जास्त दिसला की लाल दिवा लागतो आणि दुसरी गाडी सुरूच होत नाही.

आता जांभया कशासाठी, ते कळलं असेल. सुरुवातीलाच तुम्ही झोपाळू आणि सुस्त असलात, तर पुढे डोकं आपटून सुस्त झालात तरी यंत्राला फरक दिसणार नाही. ज्यानं यंत्र बनवलं त्यानं माणसाचा मेंदू मोजला होता, आमच्या पॅडॉकमधला लबाडपणा मोजला नव्हता.

राहिली मी. माझं नाव ऋजुता सरनोबत. उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे, पंपाचे शाफ्ट बनवतो. रेसिंगमध्ये मी होल्डर. पहिल्या वर्षी दुसरी गाडी दक्षच सुरू करायचं. एकदा रायडरचा पाय नीट पडण्याआधीच गाडी सुटली आणि समोरच्या मेकॅनिकचा पाय मोडला. तेव्हापासून दुसरी गाडी माणसानं धरायची ठरलं. हँडलच्या डाव्या बाजूला एक जादा मूठ असते. ती होल्डरनं आवळून धरलेली असते तोवर चाकाला वीज जात नाही. दिवा हिरवा झाला आणि होल्डरनं मूठ सोडली, तरच गाडी निघते. ठरलेल्या वेळात सोडली नाही, तर रायडर बाद. मूठ का सोडली नाही हे सांगायची होल्डरवर सक्ती नाही, आणि दुसऱ्या कुणी गाडीला हात लावायचा नाही. समोर कुणी आलं तर विचार करत बसायला नको म्हणून हे कलम इतकं सैल लिहिलं होतं. त्याचा वापर मात्र आजवर कुणी केला नव्हता.

होल्डर कोण, ते रायडर ठरवतो. बहुतेकांचे मेकॅनिकच असतात. अभीनं माझं नाव दिलं. आमचे मुख्य मेकॅनिक बशीरभाई मुल्लाणी यांनी कारण विचारलं, तर म्हणाला, "ताई माझं काय मोडत न्हाई."

ते खरं होतं. त्याच्या जन्मापासून मी त्याचं काही मोडलेलं नव्हतं.

वडगावच्या माळावर आमचं सर्किट आहे. सीझनची शेवटून दुसरी रेस तिथं होती, आणि अभी पहिल्यांदाच विजेतेपदाच्या तोंडाशी आला होता. त्याच्यापुढे फक्त चेन्नईचा मुरुगेश, तोही थोडक्यात. शुक्रवारच्या सरावात शेवटच्या वळणावर अभी पडला. फार जोरात नाही. घसरत गेला आणि हेल्मेटची एक बाजू डांबराला घासली. उठून त्यानं लोकांना हात केला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. दक्षनं हिरवा दाखवला. रेसच्या डॉक्टर केतकी नाडगौडा यांनी विचारलं, डोकं दुखतंय का, मळमळतंय का. अभी म्हणाला, भूक लागलीय.

शनिवारी तो गॅरेजमध्येही काळा गॉगल लावून बसला होता. पाना खाली पडला तरी खेकसत होता. मी बशीरभाईंना बाजूला घेतलं.

"बेटा, मशीन हिरवं दाखवतंय," ते म्हणाले. "आपण काय मशीनपेक्षा शाणे?"

"मशीनला काय शिकवलंय ते तुम्हाला ठावं न्हाई का?"

त्यांनी हातातला फडका झटकला आणि ते टायरकडे वळले. मग मी अभीकडे गेले. तो म्हणाला, "डॉक्टरला बेसलाइनचं सांग जा. दोन वर्षं बंदी. सांग." मला धमकावताना तो हसत होता. मी गेले नाही. त्याचं वर्ष माझ्या तोंडून वाया जावं, हे मला सोसणारं नव्हतं.

रविवारी तो झकास पळवत होता, हे मान्य केलं पाहिजे. मुरुगेशच्या मागच्या चाकाला जळवेसारखा चिकटला होता. मध्यावर मुरुगेश आधी पिटमध्ये आला आणि गेला. मग अभी आला. बशीरभाईंनी पहिली गाडी झेलली, अभी उडी मारून दुसरीवर बसला, आणि समोर हिरवा दिवा लागला.

आता विजेच्या गाड्या, त्यामुळे पिटमध्ये बोललेलं नीट ऐकू येतं.

"पुढं कोण हाय?" त्यानं विचारलं.

"मुरुगेश. लई लांब न्हाई." मी बोटं सैल करणार होते.

त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "पुढं कोण हाय?"

तोच सूर, तीच घाई. आधी विचारलंच नव्हतं असं. आणि काचेमागची त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर यायला निघाली, कानाकडे गेली आणि मग परत आली. माझी बोटं पुन्हा आवळली गेली.

"सोड, ताई."

"अभ्या, आत्ता मी कुणाचं नाव घेतलं?"

"सोड की!"

"नाव सांग. पुढं कोण हाय ते सांग, लगेच सोडते."

हेल्मेटच्या आतून त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं, पण नाव येत नव्हतं. बशीरभाई ओरडत होते, "ऋजू, हिरवा हाय! हिरवा हाय बघ!" मागून गाड्या येत होत्या आणि जात होत्या. माझ्या मनगटात कळ आली. मी काहीतरी बडबडत होते, बहुधा अभीचंच नाव. मग वेळ संपली आणि दिवा आपोआप विझला.

अभी उतरला. त्यानं हेल्मेट काढलं, हातमोजे काढून माझ्या पायाशी टाकले. "आजपासनं तू माझी कोण लागत न्हाईस," तो म्हणाला. सगळ्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं.

डॉ. नाडगौडांच्या सांगण्यावरून त्या संध्याकाळी शहरातल्या हॉस्पिटलात त्याच्या मेंदूचं स्कॅनिंग झालं. काही निघालं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, पण मग मी गाडी धरली ती कशासाठी, असंही त्याच क्षणी मनात आलं.

डॉ. नाडगौडांनी मला बाजूला बसवलं. "स्कॅन स्वच्छ आहे याचा अर्थ मार लागला नाही, असा होत नाही," त्या म्हणाल्या. "मेंदू आत हिंदकळतो, तंतू ताणले जातात. ते चित्रात दिसत नाही, वागण्यात दिसतं. आणि ते बघायला दक्ष आहे. दक्ष हिरवं म्हणतंय. तुम्ही गाडी का धरलीत?"

खरं सांगायचं तर बेसलाइनपासून सांगावं लागणार होतं. "हात सुटला नाही," एवढंच मी म्हणाले.

"लागलेलं बरं होण्याआधी पुन्हा आपटलं, अगदी साधंसं, तर मेंदू झपाट्यानं सुजतो. हॉस्पिटलात पोहोचायलाही वेळ मिळत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काही दिसलं असेल, तर मला कळायला हवं." मी मान खाली घालून उठले.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. सख्ख्या बहिणीनं भावाचा काटा काढला, असं लोक मोबाइलवर लिहीत होते. मुरुगेशशी माझं लग्न ठरल्याची बातमीही कुणीतरी सोडून दिली. शॉपमधला वेल्डर माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघायला लागला. आई म्हणाली, "बाहेरचे होतेच की पाय ओढायला, तू कशापायी?" तिच्याजवळ मी रडले, पण कारण सांगितलं नाही. अभी त्याच घरात, त्याच पंगतीत जेवायचा आणि मीठ हवं असलं तर आईला मागायचा. मीठ माझ्यासमोर असायचं.

विजेतेपद अजून पूर्ण हातचं गेलेलं नव्हतं. शेवटची रेस अभीनं जिंकली आणि मुरुगेश पार मागे राहिला, तर मिळणार होतं. अभीनं होल्डर म्हणून बशीरभाईंचं नाव दिल्याचं मला पेपरातून कळलं.

रेसच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, तो शॉपवर आला. लेथ चालू होता.

"बंद कर ते. डोक्यात जातंय."

मी लेथ बंद केला. तो शाफ्टच्या ढिगाशेजारी लोखंडी स्टुलावर बसला.

"त्या दिवशीचा व्हिडिओ बघितला मी," तो म्हणाला. "लई वेळा बघितला. तू नाव विचारतीयस, मी ओरडतोय."

"मग?"

"ते मला आठवत न्हाई, ताई."

"काय आठवत न्हाई?"

"काहीच न्हाई. सुरुवातीला लायनीत उभा हाय, ऊन लागतंय. मग एकदम डॉक्टरच्या तंबूत. मधली रेस मी कशी पळवली, पिटमध्ये कसा आलो, तू कशी धरलीस, सगळं व्हिडिओत बघितलंय फक्त."

ज्यानं त्या ट्रॅकवर ताशी अडीचशेच्या वर गाडी झोकली होती, तो तिथं नव्हताच. आणि लगोलग मला इतका राग आला की बोलायला सुधरेना.

"मग इतके दिवस मला शिव्या कशाच्या जोरावर घातल्यास?"

"व्हिडिओच्या," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू आलं आणि तिथंच मोडलं.

"आता काय म्हणणं हाय?"

"फायनलला तू धर. बशीरभाईंचं नाव मी काढतो."

"मी सोडणार न्हाई."

"म्हणून तर."

मला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा हातातलं कापड मी त्याच्या अंगावर फेकलं. भावाला थांबायचं होतं, पण ते माझ्या हातून. सगळ्यांसमोर पुन्हा माझीच मूठ आवळलेली असणार, पुन्हा शिव्या मलाच, आणि हा कायम अर्ध्या वाटेत बहिणीनं अडवलेला बहाद्दर. बेसलाइनचं कुणाला सांगायला नको, बंदी नको, स्वतःच्या तोंडानं नाही म्हणायला तर नकोच नको.

"आणि तोवर पहिल्या गाडीचं काय?" मी ओरडले. "अर्धी रेस तू त्या डोक्यानं पळणार. पहिल्या गाडीवरनं पडलास तर मी काय धरू रं? तुझा हात?"

"पडणार न्हाई मी."

"गेल्या वेळी पडला न्हाईस, ते तुला ठावं तरी हाय का?"

तो अगदी हळू म्हणाला, "मला न्हाई म्हणायला जमत न्हाई. गाडी समोर असली की जमतच न्हाई. डॉक्टरला सांगितलं तर दोन वर्षं जातील. परत येईस्तोवर तिशी गाठीन मी."

"तिशी गाठशील, एवढंच मला बघायचंय."

त्याच्यावर माझं किती प्रेम आहे हे मला त्याला कधी सांगता आलं नव्हतं. आमच्या घरात कुणी कुणाला असलं सांगत नाही. त्या दिवशी सांगितलं. सगळं सांगितलं, नाक पुसत पुसत, आणि त्याला अवघडल्यासारखं झालं तरी थांबले नाही. मग टेबलावरचा फोन त्याच्यापुढे सरकवला.

"मी होल्डर म्हणून येणार न्हाई. आणि फोनही मी लावणार न्हाई. तू लाव."

"तू सांग की. तुझं ऐकतील त्या."

"तू."

त्यानं फोन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. बाहेर कुणाचा तरी टेम्पो मागे घेत होते, त्याचा आवाज थांबेपर्यंत त्यानं वाट बघितली. मग नंबर लावला.

"डॉक्टर, मी अभिराज सरनोबत. बेसलाइनच्या दिवशी मी रातभर जागून आलो होतो. मुद्दाम." पुढचं त्यानं भिंतीकडे तोंड करून सांगितलं.

पलीकडून डॉ. नाडगौडांचा आवाज मलाही ऐकू आला. "अभिराज, असं करणारे तुम्ही पहिले नाही, याची मला शंका होतीच. सांगणारे मात्र पहिले आहात."

त्यांनी कुणाला पत्ता लागू न देता सगळ्यांना पुन्हा टेस्टला बसवलं. सकाळी दारावर थाप मारून, नीट झोपलेले असताना. नव्या आकड्यांवर मागच्या रेसचे हिशेब लावले तेव्हा निम्म्या रायडरांच्या नावापुढे लाल खूण आली. कित्येक जण महिनोन् महिने तसेच पळत होते. त्यांच्या बायकांनी, आयांनी अभीचे आभार मानले असतील, असं तुम्हाला वाटेल. एकीचाही फोन आला नाही. रायडरांनी त्याला वाळीत टाकलं. बशीरभाईंनी दुसरी टीम धरली. बाकीच्यांनी काही कबूल केलं नाही, अभीला मात्र दोन वर्षं बंदी झाली, आणि ती कमी करावी असं कुणालाही वाटलं नाही.

शेवटची रेस आम्ही दोघांनी पब्लिकमध्ये बसून बघितली. येऊ नकोस, असं मी त्याला म्हटलं होतं, पण तो आला. ऊन अजून त्याच्या डोळ्यांना सोसत नव्हतं, म्हणून टोपी आणि काळा गॉगल. गाड्यांची रांग अर्धी रिकामी होती. मध्यावर गाड्या पिटमध्ये यायला लागल्या, तसा तो पुढे वाकला. एकेक होल्डर हात वर करत होता, एकेक गाडी सुटत होती. मुरुगेश सुटला तेव्हा अभीच्या गळ्यातून आवाज निघाला, जुनं दुखणं चेपलं की निघतो तसा.

"ताई," तो म्हणाला, "मला अजून वाटतंय, तू सोडायला पाहिजे होतीस."

"ठावं हाय मला."

"जिंकलो असतो मी."

"जिंकला असतास."

"तुला कधी न्हाई वाटत?"

"वाटतं की. रोज वाटतं. तुझ्या गळ्यात हार मला पण बघायचा होता."

"आणि परत तीच वेळ आली तर?"

"धरीन."

त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मग बाकावरून सरकून दोन माणसं मावतील एवढ्या लांब जाऊन बसला. मला रडू फुटलं. आजूबाजूचे लोक बघत होते, बघू दे म्हटलं. मुरुगेश शेवटच्या वळणावर आला, सगळे उठून उभे राहिले, अभीही उभा राहिला, आणि माझ्याकडे पाठ करून टाळ्या वाजवायला लागला. रेस संपली, लोक निघाले, तरी तो माझ्याशी बोलला नाही. घरी जाईपर्यंत बोलला नाही.

रुसू दे. रुसायला आधी माणूस जिवंत असावा लागतो.